भीतीला चेहरा कोण देतो?

आश्विन वद्य चतुर्दशी ही तिथी पंचांगात एकच असते. पण आमच्या इच्छापोरच्या वस्तीत ती दोन तऱ्हांनी साजरी होते. मराठी घरात ती नरक चतुर्दशी. पहाटे तेल, उटणे, अभ्यंगस्नान, डाव्या पायाच्या अंगठ्याने कारिट चिरडून नरकासुराचा निकाल, आणि मग फराळ. शेजारच्या गुजराती घरात तीच काळी चौदस. दिवस कलला की उडदाचे वडे तळले जातात. घरातली बाई ते चार रस्त्यावर नेऊन ठेवते, भोवती पाण्याचे रिंगण घालते आणि मागे वळून न पाहता परत येते. घरातला ककळाट, म्हणजे भांडणतंटा आणि इडापिडा, त्या वड्यांबरोबर बाहेर गेली असे समजायचे. पुढे लक्ष्मीपूजन. त्या रात्री जुन्या वळणाच्या मराठी घरांतून सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर काढण्याची चाल होती. लक्ष्मी यायची तर तिच्या थोरल्या बहिणीला आधी वाटेला लावले पाहिजे, हा त्यामागचा हिशेब.

आपल्या पूर्वजांनी भीतीला घरात जागा दिली होती, पण ती वेळ ठरवून आणि वाट आखून. तिला दिवस नेमून दिला, नैवेद्य दिला आणि निरोपही दिला. आता तसे राहिलेले नाही. भीती खिशात आली आहे. ती कोणत्याही तिथीला, कोणत्याही प्रहरी, बोटाच्या एका स्पर्शाने उघडते. हजिऱ्याच्या कारखान्यात वडील रात्रपाळीला गेलेले, आई दमून झोपलेली, आणि सातवी-आठवीतला मुलगा पांघरुणाच्या आत फोनवर एका अंधाऱ्या घरातून वाट शोधत आहे. हे दृश्य धुळ्या-नंदुरबारहून सुरतेत आलेल्या कुटुंबांना नवे नाही, आणि मूळच्या सुरती कुटुंबांनाही नाही. पालकसभेत मला हमखास एक प्रश्न ऐकावा लागतो. सर, ही भुताखेतांची, रक्तमांसाची करमणूक मुलांना बिघडवते की नाही? आणि मुळात भीतीची मजा घेणे हे चांगल्या माणसाचे लक्षण आहे काय?

प्रश्न दिसतो तितका नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत. त्यांत शृंगार आणि वीर यांच्या पंक्तीला भयानक आणि बीभत्स हेही मानाने बसलेले आहेत. भयानक रस कशातून उत्पन्न होतो हे सांगताना भरताने विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, घुबड आणि कोल्हे यांची भीती, अरण्य आणि ओसाड घर ही सामग्री दिली आहे. आजचा कोणताही भयपट घ्या, त्याची यादी याहून फारशी वेगळी निघणार नाही. रामसे बंधूंनी १९८४ साली ‘पुराना मंदिर’ काढला तेव्हा त्यांनी नाट्यशास्त्र चाळले असेल असे मला वाटत नाही. पण ओसाड वास्तू आणि विकृत आवाज यांच्याशिवाय त्यांचेही भागले नाही.

मग खरे भय दुःख देते आणि रंगभूमीवरचे भय आनंद देते, हे कसे? दहाव्या-अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या अभिनवगुप्ताने याचे उत्तर देताना ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातले हरिण घेतले आहे. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे आणि ते हरिण मान वळवून वळवून मागे पाहत धावते आहे. अभिनवगुप्त म्हणतो, ते पाहताना ‘मी भ्यालो’ असे आपल्याला वाटत नाही. ‘हा माझा शत्रू भ्याला’, ‘हा माझा मित्र भ्याला’ असेही वाटत नाही. ‘मी’ आणि ‘तो’ या दोन्ही खुंट्यांवरून सुटलेले नुसते भय तेवढे मनाला जाणवते. याला आपले शास्त्रकार साधारणीकरण म्हणतात. भय कोणा एकाचे न राहता सर्वांचे होते, म्हणून ते सोसवते आणि चाखताही येते.

हे उत्तर नाटकाला लागू पडते, चित्रपटाला लागू पडते. संगणकावरच्या आणि फोनवरच्या खेळाला मात्र ते जसेच्या तसे लागू पडत नाही. मधल्या सुट्टीत मुलांचे बोलणे कानावर पडते ते ऐकण्यासारखे असते. चित्रपट पाहून आलेला मुलगा म्हणतो, ‘मग तो मेला.’ खेळ खेळून आलेला मुलगा म्हणतो, ‘मग मी मेलो.’ खेळात आपण प्रेक्षक नसतो. दार आपण उघडतो, जिना आपण उतरतो, चूक आपली होते आणि मरतोही आपणच. अभिनवगुप्ताने जी खुंटी सोडवली होती तिलाच हा खेळ आपल्याला पुन्हा बांधतो. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘रेसिडेंट एव्हिल’ १९९६ साली आणि कोनामीचा ‘सायलेंट हिल’ १९९९ साली निघाला. तेव्हापासून या खेळांची एक स्वतंत्र शाखाच झाली आहे. त्यांतल्या पुष्कळ खेळांत खेळणाऱ्याच्या हाती मुद्दाम थोडेच बळ दिलेले असते. गोळ्या कमी, उजेड कमी, वाट अरुंद. पराक्रम गाजवणे हा तिथला हेतू नसतो, निभावून जाणे हा असतो.

एवढ्यावरून हे खेळ वाईट ठरत नाहीत. मेलो म्हणणारा मुलगा पुढच्या क्षणी पुन्हा डाव मांडतो. लपंडावात, आट्यापाट्यांत आपणही मरतच होतो. धोका नसलेल्या जागी भीतीचा सराव करणे ही बालपणाची जुनी गरज आहे. ज्या मुलाला अंधारात कधी घाबरण्याची संधीच मिळाली नाही, तो धीट होईल असे मानायला आधार नाही. म्हणून भीतीची मजा घेणे हे पाप नव्हे, असे मी पालकांना निःशंकपणे सांगतो. पण तेवढे सांगून माझे काम संपत नाही. किती भ्यायचे, यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न कोणाला भ्यायचे हा आहे. भीती ही नुसती भीती म्हणून राहत नाही. तिला चेहरा लागतो. तो चेहरा कोणाचा असावा हे कोणीतरी ठरवत असते. माझ्या मते नीतीचा प्रश्न तिथे सुरू होतो.

आपल्या जुन्या भुतांकडे या दृष्टीने पाहावे. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज आणि लग्न होण्याआधीच मेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा गरोदरपणी गेलेली बाई. तिलाच उत्तरेत आणि गुजरातेत चुडेल म्हणतात, आणि तिची पावले उलटी असतात असे सांगतात. समंध म्हणजे ज्याचे मागे कोणी क्रियाकर्म केले नाही किंवा ज्याचा जीव धनात अडकला तो. ही सगळी यादी वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. यांतले जवळजवळ प्रत्येक भूत हे कोणाचे तरी देणे आहे. कोणाला आयुष्य पुरते मिळाले नाही, कोणाला वेळेवर औषधपाणी मिळाले नाही, कोणाला दोन अश्रू मिळाले नाहीत. बाळंतपणात बायका मरत होत्या तो काळ हडळीचा सुकाळ होता यात नवल नाही. गावाने जे देणे बुडवले ते रात्री पिंपळावर येऊन बसले. म्हणून जुन्या गोष्टींत भुताला मारून टाकत नसत. त्याचे मागणे विचारत. ‘तुला काय हवं?’ हा त्या गोष्टींतला मुख्य प्रश्न असे. मागणे पुरवले की ते आपल्या वाटेने जाई.

आताचे पुष्कळसे खेळ हा प्रश्न विचारतच नाहीत. समोर जे येईल ते चुकवायचे किंवा मारायचे, ते कोण होते याच्याशी कर्तव्य नाही. आमच्या मुलांत लोकप्रिय झालेला ‘ग्रॅनी’ हा खेळ घ्या. स्वीडनमधल्या डीव्हीलोपर या निर्मात्याने तो २०१७ साली आणला. खेळणारा एका म्हातारीच्या घरात कोंडलेला असतो. पाच दिवसांत त्याने किल्ल्या शोधून सुटायचे. काही पडले, कुठे करकर झाली, तर म्हातारीला ऐकू जाते आणि ती दंडुका घेऊन धावत येते. मग पलंगाखाली किंवा कपाटात लपायचे. खेळ म्हणून बेतलेला चांगला आहे, नाही म्हणता येणार नाही. शांत राहणे हेच त्यातले कौशल्य, आणि शाळामास्तराला त्याचे कौतुक वाटणे साहजिक आहे!

आमच्या एका विद्यार्थ्याने ‘माझी आजी’ या निबंधात लिहिले होते की त्याने हा खेळ आजीला दाखवला. आजी गावाकडून नुकतीच आलेली, अहिराणी बोलणारी. तिने बराच वेळ त्या पांढऱ्या केसांच्या बाईकडे पाहिले आणि विचारले, ‘‘या म्हातारीले जेवाले कोन देस रे?’’ मुलाने पुढे प्रामाणिकपणे लिहिले होते, ‘मला उत्तर आले नाही, कारण खेळात ते नाही.’

त्या माउलीने अलंकारशास्त्र वाचलेले नव्हते. पण भयकथेला विचारावा असा याहून मोठा प्रश्न मला तरी सुचत नाही. हिला जेवायला कोण देते? हिचे कोण होते? ही इथे एकटी कशी पडली? हे विचारल्याबरोबर राक्षसीण पुसट होते आणि बाई दिसू लागते.

हा प्रश्न आपल्या घरांना लागू आहे म्हणून मी त्यावर थांबलो. गावाकडे आजोबा गेले की आजीला सुरतेला आणले जाते. घर दोन खोल्यांचे. ती रात्री खोकते, उठून चाचपडत चालते, नाव विसरते, कधी एकटीच बोलते. ज्या मुलाने म्हातारपण आधी पडद्यावर पाहिले आणि मग घरात पाहिले, त्याच्या मनात कोणते चित्र दुसऱ्यावर चढेल? उलट, ज्याने आधी आजीच्या कुशीत झोपून गोष्टी ऐकल्या आणि मग तो खेळ खेळला, त्याला खेळ खेळच वाटेल. दोष फोनमध्ये शोधण्याआधी घरात क्रम कोणता लागला आहे हे आपण पाहिले पाहिजे.

म्हातारीला भयाचा चेहरा देण्याची खोड परक्यांचीच आहे असेही नाही. आपल्या मराठी भयकथेचा वेध घेतला तर हीच आजी आपल्याला भेटते. तिचा प्रवास सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतले लेखक स्टीफन किंग यांची ‘ग्रामा’ ही कथा १९८४ साली प्रसिद्ध झाली. अंथरुणाला खिळलेल्या आजीपाशी एक लहान मुलगा घरात एकटा उरतो, एवढाच तिचा सांगाडा. मराठीत भयकथेला घरोघर पोहोचवणारे नारायण धारप (१९२५–२००८) यांनी ती ‘आजी’ या नावाने आपल्या मातीत आणली. धारपांचे कसब असे की परक्या देशातली भीती ते पुण्याच्या वाड्यात किंवा कोकणच्या माजघरात सहज बसवीत. ही कथा राही अनिल बर्वे यांनी १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली. त्यातून पंचवीस वर्षांनी, १२ ऑक्टोबर २०१८ रोजी, ‘तुंबाड’ हा चित्रपट प्रेक्षकांपुढे आला. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतलेले, भाषा हिंदी, पण पाऊस, वाडा आणि माणसे आपली. व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा आरंभ या चित्रपटाने झाला; तरी पहिल्या खेपेला आपल्याकडे त्याला बेताचेच प्रेक्षक मिळाले. पुढे ज्यांनी पाहिला त्यांनी दहा जणांना सांगितले, आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक गल्ला जमला. असा आधी उपेक्षित आणि मग भक्तांच्या खांद्यावरून मिरवणारा चित्रपट म्हणजेच ‘कल्ट’ चित्रपट. वारीसारखेच हे. जाहिरातीवाचून माणसे जमतात.

‘तुंबाड’मध्ये १९१८ साली लहानगा विनायक साखळदंडांनी बांधलेल्या शापित म्हातारीपाशी एकटा सापडतो. तिला जेवू घालण्याचे काम एरवी त्याची आई करत असते. म्हणजे आमच्या आजीबाईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या चित्रपटात पहिल्या भागातच आहे! पंधरा वर्षांनी विनायक परत येतो तेव्हा ती म्हातारी तशीच जिवंत आहे, तिच्या देहातून झाड उगवले आहे, आणि ती मागते ते फक्त मरण. गुपित सांगितल्याच्या बदल्यात तो तिला अग्नी देतो. इथून भीतीचा चेहरा बदलतो. पुढे हस्तर येतो. हे दैवत पुराणात कुठेही नाही, ते चित्रपटकर्त्यांच्या कल्पनेतले आहे, हे मुलांना अवश्य सांगावे. विनायक कणकेची बाहुली घेऊन त्याच्या गुहेत उतरतो, तो बाहुली खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातल्या सुवर्णमुद्रा लुटतो आणि दोरावरून वर येतो. पुन्हा उतरतो, पुन्हा येतो. पाहता पाहता लक्षात येते की हा तर खेळच आहे. तीच खोली, तीच सावधगिरी, तेच बक्षीस. १९४७ साली विनायक आपल्या मुलाला दोर धरायला शिकवतो. तो हस्तरापेक्षा वाईट क्षण आहे, असे मला मास्तर म्हणून वाटते. बाप मुलाला कसब शिकवतो आहे, मेहनतीने, प्रेमाने, आणि शिकवतो आहे तो हावरटपणा. शेवटी राक्षसाचे रूप विनायकालाच येते, आणि बापाने पुढे केलेले सोने मुलगा नाकारतो.

सोन्याहिऱ्यांच्या आमच्या सुरतेत, जिथे इच्छापोरच्याच हद्दीत हिऱ्या-दागिन्यांच्या उद्योगाची वसाहत उभी आहे, तिथे ही कथा दूरची वाटण्याचे कारण नाही. पण मला तिच्यातले तात्पर्य सांगायचे नसून तिची चाल दाखवायची आहे. तिने भय म्हातारीपासून उचलले आणि ते पाहणाऱ्याच्या स्वतःच्या दाराशी आणून ठेवले. हलकी भयकथा बोट दाखवून म्हणते, ‘भ्या, ती बघा तिकडे आहे.’ कसदार भयकथा त्याच बोटाने आरसा पुढे करते.

खेळांतही हे घडू शकते. तैवानमधल्या रेड कँडल गेम्स या छोट्या संस्थेने २०१७ साली ‘डिटेन्शन’ नावाचा खेळ काढला. स्थळ शाळा, काळ १९६० चे दशक. तैवानात १९४९ पासून १९८७ पर्यंत लष्करी कायदा होता. बंदी घातलेली पुस्तके वाचणे हा गुन्हा होता, आणि त्यापायी माणसे तुरुंगात व फासावर जात होती. खेळात एक विद्यार्थिनी रिकाम्या, पाण्याने वेढलेल्या शाळेतून भुते चुकवत हिंडते. या भुतांपुढे श्वास रोखून उभे राहावे लागते, त्यांना मारता येत नाही. खेळत खेळत पुढे गेल्यावर उलगडते की चोरून पुस्तके वाचणाऱ्या शिक्षकांचा आणि सोबत्यांचा घात तिनेच केला होता. मत्सरापोटी तिने नावे सांगितली होती. ज्या ‘मी’ने इतका वेळ भुतांपासून पळ काढला, तोच ‘मी’ त्या भुतांचे कारण निघतो. ‘मी मेलो’ म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडी ‘हे मी केले’ हे वाक्य येते. नाटकाने जे साधत नाही ते खेळ इथे साधतो. कारण दार त्याच्याच बोटाने उघडलेले असते.

आता या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो. ती करमणुकीची बाजू नाही. आपल्या या सीमाभागात, सातपुड्याच्या नंदुरबारकडील डोंगरांत आणि गुजरातच्या डांगात, डाकीण ठरवून बायकांना मारण्याचे, गावाबाहेर हाकलण्याचे प्रकार पिढ्यान् पिढ्या होत आले आहेत. मराठीत डाकीण, गुजरातीत डाकण. सीमा ओलांडताना फक्त वेलांटी बदलते. पोर आजारी पडले, जनावर दगावले, औषधाला गुण येईना की भगताकडे जायचे, आणि भगताने नाव सांगायचे. नाव बहुधा एकट्या पडलेल्या, विधवा, वयस्कर बाईचे निघते. पुष्कळदा तिच्या नावे जमिनीचा तुकडाही असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर ज्या कायद्यासाठी खटपट केली तो त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या खुनानंतर आधी वटहुकूम म्हणून आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा म्हणून महाराष्ट्रात आला. गुजरात विधानसभेने तशाच धर्तीचा कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला. दोन्ही राज्यांच्या कायद्यांना एकच म्हातारी वाचवायची आहे.

त्या डोंगरात हे खेळ यायच्या कितीतरी आधीपासून त्या बाईचा चेहरा भीतीला बहाल झालेला होता. म्हणून, भयपटांमुळे आणि खेळांमुळे अंधश्रद्धा जन्माला येते, हे विधान मला घाईचे वाटते. पण त्याच कारणाने मी निर्धास्तही राहू शकत नाही. जी मूस समाजात आधीच तयार आहे तिच्यात पुन्हा पुन्हा तोच रस ओतणे निरुपद्रवी असते, असे कसे म्हणावे? भयानक हा रस म्हणून चाखायचा तर ‘हे खरे नाही’ ही जाण शाबूत लागते. ज्या दिवशी ती सुटते त्या दिवशी रस संपतो आणि हत्या सुरू होते.

ती जाण मुलांपेक्षा मोठ्यांचीच लवकर सुटते, याचाही अनुभव आपण घेतला आहे. २०१८ साली ‘मोमो’ नावाच्या एका भयाण मुद्रेचे चित्र घराघरांतल्या फोनवर फिरले. ती मुलांना निरोप पाठवते आणि जीव द्यायला लावते, असा बोलबाला झाला. ठिकठिकाणच्या पोलिसांनी पालकांना सावध करणाऱ्या सूचना काढल्या. वास्तविक ते चित्र जपानी शिल्पकार केइसुके आइसो यांच्या २०१६ सालच्या एका शिल्पाचे होते, आणि ते शिल्प होते उबुमेचे. उबुमे म्हणजे बाळंतपणात मेलेल्या बाईचे भूत. जपानची हडळच म्हणा. अफवेमागे खरा असा कोणताही सूत्रधार सिद्ध झाला नाही. खेळ खेळणाऱ्या मुलांना खेळ खोटा असतो हे ठाऊक होते. भुताची गोष्ट खरी मानून ती पुढे ढकलत होते ते आईबाप. पुढच्याच वर्षी, मार्च २०१९ मध्ये, राजकोटच्या पोलिसांनी पबजी या खेळावर बंदी घातली आणि तो खेळणाऱ्या तरुणांना पकडलेही. त्या बंदीचा हेतू चांगला असेल. पण एक नाव गेले की दुसरे येते, हे त्यानंतरच्या वर्षांनी दाखवलेच आहे.

याचा अर्थ वयाची अट नको असा नव्हे. ‘तुंबाड’ला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आहे आणि ते योग्यच आहे. अमेरिकेतही १९९३ साली ‘नाइट ट्रॅप’ आणि ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या खेळांवरून सिनेटपुढे सुनावणी झाली, आणि १९९४ साली खेळांना वयाप्रमाणे श्रेणी देणारे मंडळ आले. साधारणीकरणाची शक्ती जन्मतः मिळत नाही, ती वाढावी लागते. सहा वर्षांच्या मुलाला पलंगाखाली खरोखरच कोणीतरी असते. त्याच्यापुढे हा रस वाढणे म्हणजे तान्ह्याला तिखट भरवणे. पूर्वी चित्रपटगृहाच्या दारात तिकीट फाडणारा माणूस मुलाचे तोंड पाहून त्याला परत पाठवी. फोनच्या दारात असा माणूस नाही. ती जागा घरातल्या कोणीतरी घ्यायला हवी, आणि पहारा ठेवून नव्हे तर शेजारी बसून घ्यायला हवी.

शेजारी बसलेल्याने काय करावे? मी पालकांना तीन प्रश्न सुचवतो. या गोष्टीत घाबरवतो कोण? त्याचे असे का झाले? आणि तू त्याच्या जागी असतास तर काय मागितले असतेस? उत्तरे बरोबर यावीत अशी अपेक्षा नाही. ज्या खेळात दुसऱ्या प्रश्नाला उत्तरच नाही, तो खेळ टाकाऊ आहे असेही मी म्हणत नाही. थोडा वेळ पळापळ करायला तो ठीक आहे. पण उत्तर नाही हे मुलाला कळले पाहिजे, जसे त्या निबंध लिहिणाऱ्याला कळले. घरात भाषा दोन असोत की तीन, हे प्रश्न सगळ्या भाषांत सारखेच विचारता येतात. गुजरातीत विचारले तरी चालतील.

भीती माणसाला सोडणार नाही आणि माणूस भीतीला सोडणार नाही. तिला आपण चार रस्त्यावर वडा देऊन पाहिला, कारिटासारखी चिरडून पाहिली, आता काचेमागे ठेवून पाहत आहोत. तिने आपल्याला सावध करावे, क्वचित शहाणेही करावे. पण तिला चेहरा हवा झाला की ती सगळ्यांत दुबळ्या माणसाकडे वळते, कारण तिथे विरोध होत नाही. तेवढ्या वेळेला तिचा हात धरून तिला थांबवणे, आणि त्या दुबळ्या माणसाला आज जेवायला कोण देणार आहे हे विचारणे, एवढे शिक्षण आपल्या मुलांना मिळाले तर त्यांनी कोणता खेळ खेळला याची मला फारशी चिंता वाटणार नाही.